मातीचेच तर होते दिवे

भट्टी उघडायच्या दिवशी अरिशतच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नसे. दिवे फुटके निघाले तर ती शेजाऱ्यांवर डाफरायची, आणि चांगले निघाले तर दृष्ट लावाल म्हणून डाफरायची. म्हणजे डाफरणं ठरलेलंच. त्या शुक्रवारी मात्र तिने राख बाजूला सारली, आतून एक दिवा काढला, फुंकर मारून उलटसुलट पाहिला आणि चक्क हसली.

"निघाला का गं?" कुंपणापलीकडून क्विंता म्हातारीने विचारलं. क्विंता गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे कोणाच्याही अंगणात डोकावायचा आपल्याला हक्कच आहे असं ती धरून चालायची.

"निघाला. कान शाबूत, वातीचं तोंड सरळ."

"नबोरचं नशीब. वर काय काढलंयस?"

"कबुतर. चोचीत ऑलिव्हची डहाळी."

"कबुतर कसलं? कोंबडी दिसतेय मला."

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, म्हातारे. तुला रविवारी नवा बिशपसुद्धा कोंबडीच दिसायचा."

क्विंता खदखदून हसली आणि हसता हसता खोकत घरात गेली. अरिशतने दिवा फडक्यात गुंडाळून उंच फळीवर ठेवला. तो साधासुधा दिवा नव्हता. गावचा म्हातारा बिशप हिवाळ्यात वारला होता आणि रविवारी, दिवेलागणीच्या प्रार्थनेला, त्याच्या जागी नबोरला बसवायचं होतं. ख्रिस्ती लोकांचा छळ संपल्यापासून त्या डोंगरपट्ट्यात एक रीत पडली होती. श्रद्धेपायी जीव दिलेल्या माणसाच्या, म्हणजे रक्तसाक्ष्याच्या, घरातल्या कोणीतरी नव्या बिशपाच्या हातात पेटता दिवा द्यायचा आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणायचं, "याच्या हातून काही गेलं नाही." वाक्य एवढंसं, पण ते कोणी म्हटल्याशिवाय आसनावर बसता येत नसे. कारण छळाच्या दिवसांत ज्यांनी शास्त्राच्या पोथ्या किंवा भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाची भांडी सरकारच्या हवाली केली, त्यांचं तोंड पाहायलाही लोक तयार नव्हते. या गावात रक्तसाक्षी एकच होऊन गेला, अरिशतचा नवरा सनाम. तेव्हा ते वाक्य म्हणायचं अरिशतने, आणि ती ते अगदी मनापासून म्हणणार होती.

छळ आला तो एका सकाळी. प्रार्थनेच्या घराला सरकारी कुलूप दिसलं. दुसऱ्या दिवशी चौकात धुपाचं पात्र मांडलं गेलं. हुकूम असा की ज्याने त्याने यावं, सरकारच्या देवांपुढे चिमूटभर धूप टाकावा आणि निमूट घरी जावं. पोथ्या असतील त्या आणून द्याव्यात, जाळायच्या आहेत. मंडळी मग सनामच्या कारखान्यात भरू लागली. कल्पना त्याचीच. भाजलेला दिवा झिरपतो की नाही हे तेल भरून, पेटवून ठेवल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे दिवे करणाऱ्याच्या पडवीत पहाटे फळीभर दिवे तेवताना दिसले तरी कोणाला नवल वाटत नाही. पहारेकरी यायचे, फटीतून उजेड पाहायचे आणि पुढे जायचे. आत अख्खी मंडळी श्वास रोखून उभी असायची, एखादं तान्हं पोर कुरकुरलं तर त्याच्या तोंडात अंजीर कोंबलं जायचं.

ते दिवे वरून कोरे होते. मासा नाही, कबुतर नाही, एक रेघसुद्धा नाही. पण साच्यातून दिवा ओला निघाला की सनाम त्याच्या बुडाला अंगठा दाबायचा, एकदा उभा आणि एकदा आडवा. विश्वासातल्या प्रत्येक घरात असा एक दिवा असे. अनोळखी घरी गेलात तर आधी सहज म्हणून दिवा उचलायचा, बुडावर बोट फिरवायचं आणि मगच तोंड उघडायचं.

आणि एके दिवशी शिपाई आले. त्यांनी कोपरे धुंडाळले नाहीत, रांजण फोडले नाहीत. सरळ फळीपाशी गेले आणि एकेक दिवा उलटा करून बघू लागले. अरिशत तेव्हा माती तुडवत होती. तिचे पाय चिखलातच राहिले.

"कोणाकोणाला दिलेस हे?" त्यांनी सनामला विचारलं. तो बोलला नाही. नंतर कचेरीतही नाही बोलला. त्याला संगमरवराच्या खाणीवर पाठवलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो तिथेच गेला, असं सुटून आलेल्या एका कैद्याने सांगितलं. देह काही आला नाही. दफनभूमीत एका दगडावर त्याचं नाव आहे, आणि वर्षातून एकदा मंडळी तिथे दिवा लावते.

बुड पाहा, असं शिपायांना सांगितलं कोणी? शोध घ्यायची गरजच पडली नाही. अरिशतच्या धाकट्या बहिणीचा, नम्फाचा, नवरा सिद्दिन त्याच सकाळी चौकातून खाली मान घालून येताना लोकांनी पाहिला होता. त्याने धूप टाकला होता. ज्याने देव सोडला तो साडू सोडणार नाही होय? गावाने निकाल दिला आणि सगळ्यांत आधी अरिशतने दिला. बहिणीशी बोलणं तोडलं. त्यानंतर महिन्याभरातच नम्फाची चार महिन्यांची मुलगी तापाने गेली, तेव्हा कबरीत उशाशी ठेवायला म्हणून नम्फा दिवा मागायला आली. "बाजारात मिळतात," अरिशत म्हणाली आणि दार लावून घेतलं. बाजारातल्या दिव्यांवर नागड्या देव्या आणि तलवारी उगारलेले मल्ल. पोर तशीच, अंधारात पुरली. अरिशतला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट छातीत थोडं थंड वाटलं, आणि ते तिने देवापुढेही कधी लपवलं नाही.

सिद्दिनला मंडळीने शिक्षा दिली ती पश्चात्तापी माणसाला देतात तीच. प्रार्थनेच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही. ऊन असो, पाऊस असो, तो येऊन उभा राहायचा. नम्फाला आत यायला कोणी मना केलं नव्हतं, पण तीही बाहेरच, त्याच्या शेजारी.

आणि अरिशतला त्या सगळ्या वर्षांत धरून ठेवलं ते नबोरने. तो मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ होता, पिकल्या दाढीचा, गोड गळ्याचा. त्यालाही पकडलं होतं, कोठडीत टाकलं होतं, पण पोथीचं एक पानही त्याने दिलं नव्हतं. हे सगळ्या प्रांतात माहीत होतं. बाहेर आल्यावर तो पहिला अरिशतच्या दारी आला. तिच्या भट्टीसाठी स्वतः सरपण फोडलं. खाणीवरून बातमी आली त्या दिवशी ती भिंतीवर डोकं आपटत होती, तर हा भिंतीला पाठ लावून बसला आणि तिचं कपाळ आपल्या छातीवर आपटू दिलं. बापाने केलं नसतं एवढं केलं त्याने. ती त्याला बाबा म्हणायची आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तो आला, हातात सुक्या अंजिरांची माळ घेऊन.

"काय गं, माझ्या कबुतराची कोंबडी केलीस म्हणे?"

"त्या म्हातारीच्या जिभेला हाड नाही, बाबा."

"असू दे. कोंबडी अंडी तरी देते." तो दगडावर बसला, दिवा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. "सनाम असता तर म्हणाला असता, कान जरा जाड झालाय."

"म्हणालाच असता," अरिशत म्हणाली आणि डोळे पुसले.

"एक मनात आहे," नबोर दिव्याकडेच पाहत म्हणाला. "बिशप झालो की सिद्दिनला आत घेऊ म्हणतो. पुष्कळ वर्षं झाली उभा राहून."

अरिशतने अंजिरांची माळ खाली ठेवली. "मी जिवंत असेपर्यंत नाही."

"बरं," नबोर म्हणाला. लगेच म्हणाला. वाद नाही, समजावणं नाही, शास्त्रातलं एखादं वचनही नाही. "तू म्हणशील तसं. उद्या पुढेच बस, म्हणजे उठायला बरं पडेल."

रविवारी ऊन उतरता उतरता प्रार्थनेचं घर भरलं. शेजारच्या गावांतून दोन बिशप आले होते, कारण नव्या माणसाला पारखायचं काम त्यांचं. एक जाडजूड आणि झोपाळू. दुसरा हडकुळा, प्रत्येक गोष्टीत खोच काढणारा. कोनाड्याकोनाड्यांतले दिवे लागले, बायकांनी दिवेलागणीचं गीत म्हटलं आणि अरिशतने आपला दिवा पेटवून दोन्ही हातांत धरला. तेल ताजं होतं, ज्योत सरळ उभी राहिली. दार सताड उघडं होतं आणि पलीकडे सिद्दिन आणि नम्फा उभे होते. अरिशतने सवयीने तिकडे पाठ केली.

"आता विचारतो ते देवासमोर विचारतो," हडकुळा बिशप नबोरला म्हणाला. "छळाच्या दिवसांत तुमच्या हातून काय गेलं?"

"काही नाही."

"पोथी मागितली?"

"तीन वेळा."

"कुठे होती?"

"बायकोच्या पिठाच्या काथवटीत. वरून कणीक मळून ठेवलेली." लोक हसले. नबोरची बायकोही तोंडाला पदर लावून हसली. "अधिकारी घरी आला, त्याच काथवटीशेजारी बसला, आणि वर म्हणतो, भाकरी कधी होणार?"

आता घर दणाणलं. ही गोष्ट मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी जेवणावळींत किती तरी वेळा ऐकली असावी, कारण ते पुढचा भाग यायच्या आधीच हसायला लागले होते. अरिशतने ती कधी ऐकली नव्हती. तिच्यासमोर नबोर त्या दिवसांबद्दल बोलत नसे, आणि तिला वाटायचं की हा त्याचा विनय.

"आणि मग सोडलं कसं तुम्हाला?" हडकुळ्याने विचारलं. "पोथी न घेता तो परत गेला कसा? हे नीट सांगा. यावरच सगळं आहे."

"सांगतो की. तो अधिकारी काही दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. कोठडीतून धुपासाठी चौकात नेलं, तिथे मला बाजूला घेऊन म्हणाला, म्हातारबुवा, रिकाम्या हाताने गेलो तर माझी मान जाईल, काहीतरी दे. मी म्हटलं, काहीतरीच हवंय ना? मग त्या दिवेवाल्याकडे जा. फळीवरचे दिवे उलटे करून बघ. बुडाला अंगठ्याची खूण असेल ते आमचे. टोपली भरून ने, फोड, नाच त्याच्यावर!" नबोरने हात पसरले. "गेला की खूश होऊन, गाढव! त्याला वाटलं मोठं घबाड मिळालं. मातीचेच तर होते दिवे! आणि पोथी इकडे कणकेत!"

काय हसले लोक! जाडा बिशप जागा झाला आणि काय झालं ते न कळताही हसला. क्विंता डोळ्यांतलं पाणी पुसत होती. आणि कहर म्हणजे सांगताना नबोरने अरिशतकडे चोरून पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वेळा सांगून त्या गोष्टीतला दिवेवाला त्याच्यापुरता नुसता दिवेवाला उरला होता, त्याला नाव नव्हतं की बायको नव्हती.

अरिशत मात्र दाराकडे वळली. का वळली ते तिलाही सांगता आलं नसतं. सिद्दिन होता तसाच उभा होता. हसला नव्हता, पण चकितही झाला नव्हता. माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकावी तसा त्याचा चेहरा.

"प्रार्थनाघराची चांदीची समई दिली?" हडकुळा विचारत होता.

"नाही."

"पितळी दिवे? प्याले?"

"नाही."

"मातीचे दिवे भांड्यांत धरत नाहीत. दोष नाही." तो वळला. "रक्तसाक्ष्याच्या घरचं कोण आहे? दिवा द्या."

अरिशत उठली. दोन पावलं पुढे गेली आणि नबोरसमोर उभी राहिली. त्याने हात पुढे केले, मायेने हसला.

"बाबा," ती म्हणाली, "दिवे उलटे करून बघा, हे तुम्ही सांगितलंत?"

नबोरचं हसू जागच्या जागी राहिलं. आता कुठे त्याला समोरची बाई दिसली. "अरिशत, अगं..."

"हो की नाही एवढंच सांगा."

"सनामला नेतील असं मला वाटलं नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "देवाशपथ. वाटलं, दिवे फोडतील आणि जातील. मातीला कोण एवढं..."

"माती मळली कोणी? खूण केली कोणी? दिव्यापाशी माणूस उभा असणार हे तुम्हाला कळलं नाही?"

"कोठडीत मला मारत होते गं."

"त्यालाही मारलं. तो नाही बोलला."

कोपऱ्यात कोणीतरी पुटपुटलं, "दिवा दे म्हणावं, उगाच काय लांबण."

"आणि मला सांगितलं नाहीत," अरिशत म्हणाली. "माझ्या अंगणात बसून माझी लाकडं फोडलीत. माझं डोकं छातीशी धरलंत. तेव्हा का नाही बोललात?"

"तुला वाईट वाटलं असतं."

क्षणभर तिला खरंच हसू आलं, रडण्याच्या इतक्या जवळचं की तोंड वेडंवाकडं झालं.

"आणि सिद्दिन? सगळ्या गावाने त्याच्या नावाने थुंकलं. त्याला दाराबाहेर तुम्ही उभं केलंत."

"त्याने धूप टाकला होता, त्याची शिक्षा ती. त्याने चुगली केली असं मी एकदा तरी म्हटलं? आठवून बघ." नबोरचा आवाज आता थोडा चढला. "ते तू म्हटलंस, अरिशत. मी नुसता गप्प राहिलो."

हे खरं होतं. म्हणूनच ते तिला चाबकासारखं लागलं.

"माझ्या मुली," जाड्या बिशपाने मध्ये तोंड घातलं, "तुझ्या नवऱ्याला स्वर्गात मुकुट मिळाला आहे. या माणसाच्या त्या एका शब्दामुळेच मिळाला म्हण ना. देवाची करणी पाहा. शोक कशाचा करतेस?"

"तो मुकुट यांना का नको झाला मग?" अरिशत म्हणाली. "यांच्याच पायाशी आला होता चालत. माझ्या घरी कशाला धाडला?"

एकदम गलका उठला. बिशपाला उलट बोलते! नबोरबाबांनी पोथी राखली, ती राखली नसती तर आज वाचलं काय असतं? एक म्हातारा ओरडला की पोथी देवाची आहे, दिवे कुंभाराचे, एवढाही फरक कळत नाही का? क्विंता तिच्या कोपराला धरून खेचत होती. "अगं दे ना दिवा, वेडे. घरी जाऊन हवं तेवढं रड, मी येते सोबतीला. इथे नको. एवढे पाहुणे आलेत."

अरिशतने हात सोडवून घेतला. तिने दिवा नबोरच्या डोळ्यांसमोर उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याच्या हातून गेलं. माझा सनाम याच्या हातून गेला."

मग ती थांबली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. कोणी उठेल, निदान एखादी बाई तरी रडेल. नबोर खाली पाहत होता. हडकुळ्या बिशपाने जाड्याच्या कानात काहीतरी विचारलं, जाड्याने खांदे उडवले.

"दुःखात बोललेली साक्ष धरता येत नाही," हडकुळा म्हणाला. "नियमाप्रमाणे दोष सिद्ध झालेला नाही. मंडळीतल्या दुसऱ्या कोणी दिवा दिला तरी चालेल."

पहिल्या रांगेतला तेलाचा व्यापारी लगबगीने उठला. त्याने जवळच्या कोनाड्यातला दिवा काढला, नबोरच्या हातात ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. लोक "आमेन" म्हणाले. नबोरने दिवा धरला. तोही अरिशतच्याच भट्टीतला होता. त्या घरात दुसऱ्या कोणाचा दिवा नव्हताच. तिला वाटलं होतं, आपण दिला नाही तर उजेड अडेल. काही अडलं नाही.

हातातला दिवा तिने फुंकून विझवला, जमिनीवर ठेवला आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाली. लोकांनी अंग चोरून वाट दिली, तिचं काही आपल्याला चिकटेल अशा भीतीने. उंबरा ओलांडून ती सिद्दिनसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत त्याला तिने इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. आणि नम्फाचेही, तिच्या धाकट्या बहिणीचे.

"तुला माहीत होतं," अरिशत म्हणाली.

"हो. धुपाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. सगळं ऐकू आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. दुसऱ्याच दिवशी तुझ्या दारात आलो होतो. 'नबोरबाबांनी' एवढंच तोंडातून निघालं, तर तू म्हणालीस, त्या तोंडाने त्यांचं नाव घेऊ नकोस. आणि ओल्या मातीचा गोळा फेकून मारलास." तो हे रागाने सांगत नव्हता, कालपरवाची हकीकत सांगावी तसं सांगत होता. "त्यानंतर कोणाला सांगणार? धूप टाकलेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

अरिशतला तो गोळा आठवला. माती आठवली, आवाज आठवला, त्याचं वाक्य मात्र आठवेना. ते तिने ऐकलंच नव्हतं.

"सिद्दिन, मी आत जाऊन सगळ्यांना सांगते. तुझी काही चूक नव्हती, तू आजपासून आत..."

"धूप टाकला ती माझी चूक होती," तो म्हणाला. "तान्ह्या पोरीकडे बघून टाकला मी. त्याची शिक्षा मी भोगली, त्याबद्दल तक्रार नाही. दोन वर्षं पुरतात तेवढ्याला, सगळीकडे तीच रीत आहे. पुढची सगळी वर्षं तुझ्या नावाची होती, ताई. ती मी उभा राहून काढली." त्याने नम्फाचा हात धरला. "चल गं. झालं आपलं."

"कुठे निघालात?"

"घरी. पाय दुखतात आता."

अरिशत नम्फाकडे वळली. तिच्या दंडाला हात लावायला गेली, पण नम्फाने अंग मागे घेतलं. जोराने नाही, हळूच, आजारी माणूस घेतो तसं. "आज नको, ताई," ती म्हणाली. "उद्याही नको. मला माहीत नाही कधी." आणि ती दोघं उतारावरून ऑलिव्हच्या बागांकडे निघाली. सिद्दिन जरा लंगडत होता. एकदाही मागे वळून न पाहता ती दोघं गेली.

आत प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली होती. त्याआधी दार बंद करायचं असतं. बाप्तिस्मा न झालेले आणि शिक्षेत असलेले बाहेर, बाकीचे आत. म्हातारा द्वारपाल फळी ओढत आला आणि सिद्दिनच्या जागी अरिशतला पाहून गोंधळला. वर्षानुवर्षं तो तिला पहिल्या रांगेत बसलेली पाहत आला होता.

"अगं, तू इथे काय करतेस? आत ये ना. माझा खोळंबा होतोय, दार लावायचंय."

आतून नबोरचा आवाज येत होता, भरून आलेला, गोड. त्याच आवाजाने इतकी वर्षं तिला झोप लागली होती.

"लाव," अरिशत म्हणाली.